लॅमिनेशन करू नका! म्युझियममध्ये वस्तू जपणारी आणि वस्तूंना बोलतं करणारी माणसं

(ऑडिओ भागाचा लिखित पाठ. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये उभं राहून, एसटीच्या खिडकीत बसून, नाहीतर रात्री गादीवर पडल्या पडल्या ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी वाचतायत, त्यांचंही.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "दादा, इतिहासाची आवड आहे, पण स्पर्धा परीक्षा आणि शिक्षकी सोडून काही करता येतं का?" हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या प्रकारे विचारला की म्हटलं, याच्यावर एक अख्खा भागच करू. तर आज बोलूया म्युझियममधल्या दोन कामांबद्दल. एक कॉन्झर्वेटर, म्हणजे वस्तू टिकवणारा. दुसरा क्युरेटर, म्हणजे त्या वस्तूचा अभ्यास करून ती तुमच्यासमोर मांडणारा. सरकारी मराठीत क्युरेटरला 'अभिरक्षक' म्हणतात. शब्द भारी आहे, पण बोलताना सगळे क्युरेटरच म्हणतात, तर आपणही तेच म्हणू.

पण त्याआधी एक कबुली.

माझ्या हातून झालेली चूक

आमच्या गावच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. कॉलेजात असताना एका मे महिन्यात मी ती उघडली. आत जुनी भांडी, पंचांगं, आणि तळाशी एका फडक्यात गुंडाळलेला एक मोडी कागद. पणजोबांच्या काळातला, जमिनीचा. चार घड्या घातलेला, कडा तपकिरी झालेल्या, बोट लावलं की तुकडा पडेल असा.

मला वाटलं, हा वाचवला पाहिजे. तालुक्याच्या गावाला झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि मस्तपैकी लॅमिनेट करून आणला. चकचकीत झाला. घरी सगळ्यांनी शाबासकी दिली.

काही वर्षांनी एका कार्यशाळेत जुने कागद कसे जपायचे ते शिकवत होते. मी अभिमानाने तो कागद घेऊन गेलो. तिथल्या ताईंनी तो हातात घेतला, उजेडासमोर तिरका धरला आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, "मीच." त्या ओरडल्या वगैरे नाहीत. फक्त म्हणाल्या, "आधी विचारलं असतंत, तर एक चांगला कागदी लिफाफा पुरला असता."

झालं काय होतं, तर लॅमिनेशनच्या मशीनमध्ये शंभर अंशांच्या वर उष्णता असते. त्या उष्णतेत प्लॅस्टिकवरचा गोंद वितळून कागदाच्या तंतूंमध्ये शिरतो. जुन्या कागदातलं आम्लही आतच कोंडलं जातं आणि कागद आतल्या आत ठिसूळ होत राहतो. गोंद रसायनांनी काढायचा प्रयत्न करता येतो, पण त्यात शाई पसरायची भीती. माझ्या कागदाची एक घडी नीट उलगडली नव्हती, ती तशीच दाबली गेली. मोडी वाचणाऱ्या एका काकांना दाखवलं तेव्हा कळलं, त्या घडीत दोन ओळी गेल्यात. आणि त्या होत्या चतुःसीमेच्या. म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, ओढा कुठून जातो. दीडशे वर्षं उंदीर, वाळवी, गळकं छप्पर सगळ्यातून वाचलेल्या त्या दोन ओळी मी पाच मिनिटांत घालवल्या. चांगल्या हेतूने.

आजचा सगळा भाग मला तिथूनच समजावून सांगायचाय. कारण म्युझियममधल्या या दोन्ही कामांचा गाभा एकच आहे: आपल्यानंतर येणाऱ्या माणसाला आपली चूक दुरुस्त करता आली पाहिजे.

कॉन्झर्वेटर नेमकं करतो काय?

बरेच जण म्हणतात, कॉन्झर्वेटर म्हणजे जुनी वस्तू नव्यासारखी करून देणारा. तर तसं अजिबात नाही. नव्यासारखी केली की तिचं वय गेलं, आणि वयाबरोबर पुरावाही गेला.

समजा, लॅबमध्ये एक जुनं लघुचित्र आलं. पहिले काही दिवस त्याला कोणी औषध लावत नाही. आधी फोटो: समोरून, मागून, बाजूने तिरपा उजेड टाकून. तिरप्या उजेडात कागदाचे फुगवटे, रंगाचे सुटलेले पापुद्रे दिसतात. मग सगळं लिहून काढायचं: कुठे फाटलंय, कुठे डाग, कुठे किडीने खाल्लंय, आधी कोणी काय चिकटवलंय. याला म्हणतात कंडिशन रिपोर्ट, वस्तूची केसपेपरसारखी नोंद. हिरव्या रंगाकडे खास लक्ष जातं, कारण जुन्या चित्रांत तांब्यापासून केलेला हिरवा वापरलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं खालचा कागदच जाळत राहतो. काही चित्रांत झाड आहे तिथेच भोक पडलेलं दिसतं ते यामुळे.

यानंतर प्रत्यक्ष काम. फाटलेल्या जागी मागून अगदी पातळ जपानी कागद लावतात, तोही गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. हो, खळच! आजी कॉटनच्या साडीला घालायची त्याच घराण्यातली. फेव्हिकॉल का नाही? कारण खळ उद्या ओलावा देऊन काढता येते. सुकलेला फेव्हिकॉल तसा निघत नाही. उद्या कोणाला अजून चांगली पद्धत सापडली, तर त्याला आजचं आपलं काम काढून टाकता आलं पाहिजे. काचेच्या, मातीच्या फुटक्या वस्तू जोडायला पॅरालॉइड बी-७२ नावाचा एक पदार्थ वापरतात, तोही ॲसिटोनमध्ये विरघळतो म्हणूनच.

आणि सगळ्यात मजेशीर गोष्ट ऐका. चित्रावरची, मूर्तीवरची मळकट काजळी काढायला कॉन्झर्वेटर अनेकदा काय वापरतात? थुंकी! खरंच. कापसाचा बोळा जिभेने ओला करायचा आणि हळूच फिरवायचा. आपल्या लाळेत ॲमिलेज नावाचं एन्झाइम असतं, ते चिकट मळ सोडवतं. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी हे मोजूनमापून तपासलं होतं आणि त्यांना त्यासाठी २०१८ चं इग नोबेल मिळालं, जे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. घरी करून बघू नका हं. कोणत्या रंगावर काय चालतं हे कळायला वर्षं जातात.

पण कॉन्झर्वेटरचं बरंचसं काम वस्तू बिघडू नये यासाठीच असतं.

तुम्ही कधी म्हटलं असेल, "म्युझियममध्ये एवढा अंधार का?" तो अंधार मुद्दाम केलेला असतो. जुनं चित्र, कापड, हस्तलिखित यांच्यावर साधारण ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवायचा, असा जगभरचा रिवाज आहे. आपल्या ऑफिसात ३०० ते ५०० लक्स असतो. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही, आणि नुकसान साठत जातं. आज दहा तास, उद्या दहा तास, सगळं जमा होत राहतं. म्हणून एखादं चित्र काही महिने दाखवतात आणि मग अंधारात विश्रांतीला पाठवतात.

मग दमटपणा. मुंबईचा पावसाळा आपल्यालाच सहन होत नाही, तर कांस्याच्या मूर्तीचं काय होणार? जमिनीतून निघालेल्या कांस्यात क्षार अडकलेले असतात. हवा दमट झाली की धातूवर फिकट हिरव्या पावडरीचे ठिपके उठतात आणि ते धातू खात सुटतात. याला ब्राँझ डिसीजच म्हणतात. उपाय काय, तर काचेच्या कपाटातली हवा कोरडी ठेवायची आणि रोज आकडे बघायचे. मग कसर, वाळवी, झुरळं. किडलेली लाकडी किंवा कापडी वस्तू प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून शून्याखाली वीस-तीस अंशांत आठवडा-दोन आठवडे ठेवतात. विष न फवारता कीड मरते.

हे ऐकून वाटेल, यात कला कुठे आहे? आहे ना. पण जास्त करून संयम आहे.

अजिंठ्याचं पॉलिश

आता एक मोठी गोष्ट. माझ्या लॅमिनेशनची मोठी भावंडं म्हणा.

अजिंठा लेणी तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होती. भिंतीवरची चित्रं सुटत होती, प्लास्टर पडत होतं. निजाम सरकारने १९२० मध्ये थेट इटलीहून दोन नामांकित तज्ज्ञ बोलावले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. तेव्हाच्या हिशेबाने याहून चांगली माणसं मिळाली नसती. दोन हिवाळे त्यांनी तिथे काम केलं. सुटलेलं प्लास्टर त्यांनी पक्कं बसवलं, कडा बांधून घेतल्या. त्यामुळे पडता पडता काही चित्रं वाचली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण त्याबरोबर त्यांनी चित्रांवर शेलॅकचा हात मारला. शेलॅक म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. सुतार फर्निचरला मारतात तसलं पॉलिश. लावल्या लावल्या चित्रं कशी उजळ दिसली असतील! पुढे काय झालं, तर ते पॉलिश पिवळं पडलं, मग तपकिरी. त्यावर धूळ आणि काजळी बसली. आकसताना ते खालचा रंगही ओढून सुटायला लागलं. निळे, हिरवे, पांढरे रंग त्या पिवळ्या पडद्याआड गेले.

स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली आणि त्यांच्या रसायनतज्ज्ञांच्या पिढ्यांनी ते पॉलिश इंच-इंच करून काढायचं काम केलं. डोक्यावर दिवा, हातात कापूस, एका दिवसात तळहाताएवढी जागा झाली तरी खूप, अशा जातीचं काम. लावायला दोन हिवाळे लागले, काढायला दशकं.

यात कोणी वाईट नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या काळचं ज्ञान तेवढंच होतं. आजचं आपलं ज्ञानही शंभर वर्षांनी अपुरं वाटणार आहे. म्हणून आजचा कॉन्झर्वेटर दोन गोष्टी पाळतो: कमीत कमी हात लावायचा, आणि जे केलं ते सगळं लिहून ठेवायचं. कोणतं रसायन, किती, कुठे, कोणत्या तारखेला. त्या वहीमुळे पुढच्याचं काम सोपं होतं.

क्युरेटर: वस्तूला बोलतं करायचं, पण तिच्या तोंडी काहीही घालायचं नाही

आजकाल कॅफेचा मेनूही 'क्युरेटेड' असतो आणि प्लेलिस्टही. त्यामुळे क्युरेटर म्हणजे चार छान गोष्टी निवडणारा, असं वाटतं. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे 'काळजी घेणं'. निवडणं नंतर येतं.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितलंय का? नसेल तर या सुट्टीत जा. डॉ. दिनकर केळकरांनी उभं आयुष्य गावोगाव फिरून वस्तू गोळा केल्या: दिवे, कुलपं, अडकित्ते, शेवगे, वाद्यं, दरवाजे. लहानपणी गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं, आणि वीस हजारांच्या आसपासचा हा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला.

आता त्यातला एक अडकित्ता घ्या. तुम्ही-आम्ही म्हणणार, "वा, छान आहे." क्युरेटर विचारणार: पितळी की लोखंडी? नक्षी ओतीव की कोरीव? कोणत्या भागातला? कोणाकडून आला, कधी आला, त्याची नोंद कुठल्या वहीत, कितव्या नंबरला? सुपारी रोज फोडून पातं झिजलंय की फक्त शोभेला होता? मग तो इतर अडकित्त्यांशेजारी ठेवायचा, की पानाच्या डब्याशेजारी, की लग्नातल्या वस्तूंमध्ये? जागा बदलली की गोष्ट बदलते. आणि शेवटी हे सगळं साठ-सत्तर शब्दांच्या पाटीवर लिहायचं, तेही शाळेतल्या पोराला आणि इतिहासाच्या प्राध्यापकाला दोघांनाही कळेल असं. करून बघा, घाम फुटतो.

आता थोडी नाजूक जागा. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तीन वर्षांच्या उसन्या करारावर. किती गर्दी झाली, किती भावना होत्या, आपण सगळ्यांनी पाहिलं. ही वाघनखं जेम्स ग्रँट डफकडे होती. हा कंपनी सरकारचा अधिकारी १८१८ नंतर साताऱ्याला होता आणि पुढे त्याने मराठ्यांचा इतिहासही लिहिला. वाघनखांच्या सोबतच्या पेटीवरचा मजकूर सांगतो की ही महाराजांची. आणि लंडनचं म्युझियम स्वतःच्या नोंदीत सांगतं की अफझलखानाच्या प्रसंगी वापरलेली ती हीच, याची पडताळणी करता येत नाही.

यावर आपल्याकडे खूप वाद झाले, त्यात मी आज शिरत नाही. क्युरेटरच्या बाजूने बघा. त्याच्यासमोर तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: वस्तू काय आहे, वस्तूबद्दल काय सांगितलं गेलं, आणि कागदोपत्री काय सिद्ध होतं. या तिन्ही वेगळ्या ठेवून लिहिणं म्हणजे श्रद्धेचा अपमान नव्हे. उलट, एखाद्या दिवशी कुठल्या तरी दफ्तरात एक मोडी पत्र सापडलं आणि चित्र स्पष्ट झालं, तर त्या पत्राला बसायला जागा शिल्लक राहते. 'सांगतात' आणि 'सिद्ध आहे' हे एकत्र कालवलं, तर ती जागा बुजते. म्हणजे खोटं पक्कं करणंही एक प्रकारचं लॅमिनेशनच की!

आणि अशी वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा पडद्यामागे मोठी फौज असते. करार करणारे, विमा बघणारे, पेटी बनवणारे, निघताना आणि पोचल्यावर कंडिशन रिपोर्ट तपासणारे. हीसुद्धा सगळी करिअरच आहेत.

शिकायचं कुठे?

आता कामाचं. वही-पेन घ्या, किंवा स्क्रीनशॉट काढा.

कॉन्झर्वेशनकडे जायचं तर रसायनशास्त्राची ओळख हवीच. बीएस्सी केलेल्यांना सोपं जातं. फाइन आर्ट्सवाल्यांचा हात आणि रंगाची नजर तयार असते, त्यांना रसायनशास्त्राची तयारी करावी लागते. क्युरेटर व्हायचं तर इतिहास, पुरातत्त्व, कलेचा इतिहास, भाषा यांपैकी कशात तरी पाया पक्का पाहिजे.

भारतात म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकवणारा सगळ्यात जुना विभाग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे, १९५२ पासून. सयाजीराव गायकवाडांचं नाव असलेल्या विद्यापीठात हे सुरू व्हावं, हे आपल्याला जवळचं वाटणारच. दिल्लीत १९८९ मध्ये नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट सुरू झाली. कलेचा इतिहास, कॉन्झर्वेशन आणि म्युझिऑलॉजी या तिन्ही विषयांत एमए करण्यासाठी ती ओळखली गेली. आता हे काम इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज या नावाने नोएडाहून चालतं. लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आहे, १९७६ पासून. तिथे कॉन्झर्वेशनचं प्रशिक्षण मिळतं.

महाराष्ट्रात बघायचं तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं, काळा घोड्याजवळचं. तिथे स्वतःचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे आणि शिक्षणक्रमही चालतात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात कलेचा इतिहास आणि क्युरेशन यांचा पदव्युत्तर डिप्लोमा होतो. हे १८७२ चं म्युझियम स्वतःच एका मोठ्या कॉन्झर्वेशनमधून गेलंय. काही वर्षं बंद ठेवून, छतावरची नक्षी आणि जुनी कपाटं सगळं दुरुस्त करून, २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी नावाजलेलं आहेच.

प्रवेशाच्या अटी, फी, जागा दरवर्षी बदलतात. त्यासाठी माझ्यावर नका विसंबू, संस्थेच्या वेबसाइटवरच बघा.

नोकरी आणि पैसे: स्पष्ट बोलू

इथे मी गोड गोड बोलणार नाही. सरकारी म्युझियममधल्या जागा थोड्या असतात आणि त्या भरायला वेळ लागतो. सुरुवातीची वर्षं बहुतेकांची प्रोजेक्टवर जातात: सहा महिने इथे, वर्षभर तिथे. मुंबईत घरभाडं देऊन नुसत्या त्या पैशांवर राहणं अवघड. घरातून थोडा आधार असेल किंवा शेजारी दुसरं काम असेल तर निभतं. हे आधी माहीत असलेलं बरं.

पण वाटा पूर्वीपेक्षा जास्त झाल्यात. पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा १९१७ पासून आहे, मुख्यालय डेहराडूनला, आणि तिथे रसायनशास्त्रवाल्यांना काम असतं. इंटॅक या संस्थेच्या देशात ठिकठिकाणी कॉन्झर्वेशन लॅब आहेत. खाजगी संग्राहक, आर्ट गॅलऱ्या, लिलावगृहं यांना माणसं लागतात. कंपन्यांची अर्काइव्ह्ज हा एक नवा प्रकार: पुण्यात टाटांचं, मुंबईत गोदरेजचं. जुनी पत्रं, फोटो, जाहिराती जपणारी आणि शोधून देणारी माणसं तिथे असतात.

डिजिटल बाजू तर वाढतेच आहे. आपल्या पुण्याच्या सी-डॅकने म्युझियमसाठी एक सॉफ्टवेअर बनवलंय, नाव काय माहितीये? 'जतन'! देशातल्या मोठ्या म्युझियमच्या वस्तूंच्या नोंदी त्यात केल्या जातात. फोटोग्राफी, डेटा एंट्री, थ्रीडी स्कॅनिंग येणाऱ्यांना इथून आत शिरता येतं.

आणि मोडी! हे अधोरेखित करा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. ते वाचणारी माणसं किती, तर हाताच्या बोटांवर नाही, पण फार नाहीत. २०२३ मध्ये जुन्या दफ्तरांतून कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना एकदम बोलावणी आली होती. इतिहासातली एक लिपी लोकांच्या आजच्या आयुष्याशी कशी जोडलेली असते, ते तेव्हा दिसलं. मूळाक्षरं शिकायला काही आठवडे लागतात. सरावाला मात्र वर्षं.

तुमचे प्रश्न

*"मी कॉमर्सची आहे. मला जमेल का?"*
म्युझियमला तिकीट, निधी, करार, विमा, कार्यक्रम सगळंच असतं. आत जा, काम बघा, मग ठरवा. क्युरेटर व्हायचं असेल तर मात्र विषयाचं शिक्षण वेगळं घ्यावंच लागेल.

*"इंग्रजी कच्चं आहे, अडेल का?"*
खोटं कशाला बोलू, अभ्यासाची पुस्तकं बहुतेक इंग्रजीतच आहेत, तेवढं वाचता आलं पाहिजे. पण जुनं मराठी, मोडी, संस्कृत, फारसी यांपैकी एक येत असेल तर तुमच्याकडे असं काही आहे जे फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याकडे नाही.

*"घरात आजीची पैठणी आहे, ती कशी जपू?"*
धुवू नका, इस्त्री फिरवू नका. स्वच्छ, बिनरंगाच्या मऊ सुती कापडात गुंडाळा. वर्षातून दोनदा घड्या बदला, कारण रेशीम घडीवरच फाटतं. जमलं तर जाड नळीवर गुंडाळून ठेवा. डांबराच्या गोळ्या कापडाला आणि जरीला थेट लागू देऊ नका.

*"देव्हाऱ्यातल्या पितळी मूर्ती चिंचेने घासतो, ते चूक आहे का?"*
छान प्रश्न. प्रत्येक घासण्यात थोडा धातू जातोच, म्हणून जुन्या मूर्तींचे नाक-डोळे पुसट होतात. पण तो देव पूजेतला आहे, त्याचं आयुष्य वेगळं. म्युझियमचे नियम सगळीकडे लावायचे नसतात. फक्त एखादी मूर्ती खूप जुनी असेल, पूजेत नसेल, तर तिला चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका.

*"पुरात पुस्तकं, कागद भिजले तर?"*
२०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आपल्या लक्षात आहेच. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून घाई हवी, पण उन्हात टाकू नका, हेअर ड्रायर नको. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये कोरे कागद घालून वाळवा. खूप असतील तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. वेळ मिळतो, मग थोडे थोडे काढून वाळवता येतात.

या आठवड्याचा गृहपाठ

हे काम आपल्याला जमेल का, हे कळायला कॉलेजात नाव घालायची गरज नाही. फोन पुरेसा आहे.

घरातली एक जुनी वस्तू निवडा. अडकित्ता, पाटा, आजोबांचं घड्याळ, काहीही. स्वच्छ टेबलावर ठेवा, शेजारी एक पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. समोरून, मागून, खालून फोटो काढा. मग खोलीतले दिवे बंद करून दुसऱ्या फोनचा टॉर्च एका बाजूने तिरपा धरा आणि पुन्हा फोटो काढा. जे आधी दिसलं नव्हतं ते दिसेल.

आता एका पानाचे दोन भाग करा. डावीकडे 'दिसतं': माल काय, माप काय, कुठे तडा, कुठे झीज, कुठे आधीची दुरुस्ती. उजवीकडे 'सांगतात': कोणाची, कुठून आली, कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला सांगितलं. दोन्ही बाजूंची सरमिसळ होऊ द्यायची नाही. घरातल्या मोठ्या माणसांना बोलतं करून उजवी बाजू भरा, आणि ते थोडं लवकर करा. वस्तू टिकते, सांगणारी माणसं नेहमी टिकत नाहीत.

हे करताना तुम्हाला कंटाळा आला, तर काही बिघडलं नाही, म्युझियम बघायला तुम्ही जालच. पण दोन तास कसे गेले ते कळलं नाही, असं झालं, तर मात्र जवळच्या म्युझियममध्ये जाऊन विचारा: "मला इथे थोडे दिवस मदत करता येईल का?" अनेकांची सुरुवात अशीच होते, स्टोअररूममध्ये लेबलं लिहिण्यापासून.

माझा तो मोडी कागद अजून माझ्याकडे आहे. मी आता त्याच्यासोबत एक चिठ्ठी ठेवलीय: लॅमिनेशन कधी केलं, कुठे केलं, घडीत दोन ओळी दबल्यात, आणि काकांनी वाचलेला बाकीचा मजकूर. उद्या प्लॅस्टिक सुखरूप काढायची युक्ती कोणाला सापडलीच, तर त्या माणसाला माझी चूक शोधत बसावं लागणार नाही.

तुमच्या गृहपाठाचे फोटो पाठवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्यातल्या काहींबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या, आणि माळ्यावर ट्रंक सापडली तर... हो, बरोबर. लॅमिनेशन करू नका. भेटूया!